‘सार्थ’मधील वाद आणि त्याचा पण

२०२५ मध्ये बंगळूर येथे निवर्तलेले कन्नड कादंबरीकार एस. एल. भैरप्पा हे तत्त्वज्ञानाचे अध्यापक होते. त्यांची ‘सार्थ’ (१९९८) ही कादंबरी बंगळूरच्याच साहित्य भांडाराने प्रसिद्ध केली आणि उमा कुलकर्णी यांच्या अनुवादाने ती मराठीत आली. व्यापारी तांड्याबरोबर निघालेल्या नागभट्टाच्या दृष्टीतून तीत आठवे शतक उलगडते. मंडनमिश्र आणि शंकराचार्य यांचा वाद हा तिच्यातील कळीचा प्रसंग होय.

न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार मानले : तत्त्वनिर्णयासाठी वाद, विजयासाठी जल्प आणि स्वपक्ष न मांडता केवळ परपक्षाचे खंडन करणारी वितंडा. (यांपैकी तिसरा शब्द मराठीने दूषण म्हणून तेवढा जपला, हेही बोलकेच.) वाद गुरुशिष्यांतही होऊ शकतो, त्यात छलाला स्थान नाही. मग हरेल त्याने आश्रम बदलावा, असा पण लावून झालेली चर्चा ‘वाद’ कशी? काटेकोर कसोटीने तो जल्पच ठरतो.

माधवाच्या नावावर असलेल्या ‘शंकरदिग्विजया’त मंडनाची पत्नी भारती मध्यस्थ होते आणि दोघांच्या गळ्यांत माळा घालते, जिची फुले कोमेजतील तो पराभूत. युक्ती देखणी खरी. परंतु तिने निर्णय युक्तिवादाच्या हातून काढून फुलांच्या स्वाधीन केला. जिचा संसारच पणाला लागला, तिला निकाल उच्चारण्याच्या यातनेतूनही सोडवले. भारतीचे हे मध्यस्थपण कादंबरीकाराला आव्हान देणारे आहे. शास्त्रार्थाची किंमत वाद घालणारा एकटाच देत नाही, हे तिच्याच ठायी दिसते.

परंतु अडचण दुसरीकडे आहे. ‘ब्रह्मसिद्धी’चा कर्ता मंडन स्वतःच अद्वैती आहे, मात्र ज्ञानाच्या वाटेवर कर्माला तो मोल देतो. तोच पुढे सुरेश्वर झाला, ही सांप्रदायिक श्रद्धा; म्हैसूरच्या हिरियण्णांनी १९२० च्या दशकातच दोघे भिन्न असल्याचे प्रतिपादन केले होते. म्हणजे आख्यायिकेतील निव्वळ कर्मवादी मंडन हा जेत्याच्या बाजूने रेखाटलेला प्रतिपक्षी आहे. पूर्वपक्ष असा मांडावा की प्रतिपक्षाने तो आपला म्हणून ओळखावा, ही या परंपरेची सर्वांत कठीण अट. तिला आख्यायिका उतरत नाही. आख्यायिकेची चौकट स्वीकारणाऱ्या कादंबरीलाही मग मंडनाचा पराभव रंगवता येतो. त्याचा पक्ष मात्र अनुत्तरित राहण्याआधी अर्धामुर्धाच ऐकू येतो.