पोकळ घुमट, मोकळी जमीन

नागपूरच्या दीक्षाभूमीवरील स्तूपाला 'सांचीची प्रतिकृती' म्हणण्याची सवय आपल्या लेखक-वक्त्यांना जडली आहे. मला हे विधान मान्य नाही. प्रतिकृती म्हटले की त्या वास्तूत जे नवे आहे तेच नजरेआड होते.

सांचीचा महास्तूप भरीव आहे. अशोककालीन विटांचा गाभा, त्यावर पुढे शुंगकाळात चढवलेले दगडी आवरण. व्यास सुमारे १२० फूट. आत शिरायला जागा नाही. उपासकाने बाहेरून प्रदक्षिणा घालायची. दीक्षाभूमीच्या स्तूपाचा व्यासही १२० फूटच. पण वास्तुविशारद शिवदान मल यांनी तो आतून पोकळ ठेवला. काम १९७८ साली सुरू झाले, उद्घाटन २००१ च्या डिसेंबरात झाले.

भरीव रास स्वतःच्याच वजनाने बसून राहते. पोकळ अर्धगोलाचे तसे नसते. त्याचा भार खाली उतरता उतरता कडा बाहेर ढकलतो, तळाशी घुमट फाकू पाहतो. त्याला वेढून धरावे लागते, आणि पायाखालची जमीन सगळीकडून सारखी स्थिर असावी लागते. मग एवढा खटाटोप कशासाठी? ज्यांना १९३० साली काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या वास्तूत आत शिरता येणे हाच आशय आहे. घुमटाखाली उभा राहणारा माणूस कोणाची परवानगी घेऊन आलेला नसतो.

माझी तक्रार आहे ती दगडाबद्दल. आकार नवा, पण साहित्य मात्र उसने. धोलपूरचा वालुकाश्म, संगमरवर, ग्रॅनाइट. सांचीही वालुकाश्माची, आणि दिल्लीचे राष्ट्रपती भवनही धोलपूरच्याच दगडाचे. महाराष्ट्रातील बौद्ध शिल्पाची परंपरा काळ्या पाषाणाची आहे; अजिंठा, कार्ले, भाजे ही सारी लेणी त्याच कातळात खोदलेली. हा दगड घडवायला चिवट, उन्हात तापणारा, हे कबूल. (नागपूरचे ऊन मला कोणी सांगायला नको!) तरी निदान जोत्याला, पायऱ्यांना तो हवा होता. ज्या सह्याद्रीत भिक्खूंनी वर्षावास केला, त्याची खूण तेवढी राहिली असती.

आता जमिनीविषयी. १ जुलै २०२४ रोजी लोकांनी तिथल्या भूमिगत वाहनतळाचे काम बंद पाडले आणि शासनाला स्थगिती द्यावी लागली. याला निव्वळ भावनेचा उद्रेक ठरवणाऱ्या सुशिक्षितांची मला गंमत वाटते. पोकळ घुमटाजवळ खोल खोदकाम करणे हा पायाचा प्रश्न आहे; तो बांधकामातल्या साध्या मजुरालाही कळतो. दुसरे असे की, १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे घुमट नव्हता, तोरण नव्हते. होती ती उघडी जमीन, आणि तिच्यावर बसलेली लाखो माणसे. या वास्तूचे मूळ साहित्य ती जमीनच आहे, दगड नंतर आला. मोकळे पटांगण म्हणजे उरलेली जागा, असे समजणारा आराखडा कितीही सुबक असला तरी मी तो नापास करीन. पुढचा नकाशा काढणाऱ्याने अशोक विजयादशमीला गावोगावहून येऊन तिथेच पथारी टाकणाऱ्या म्हातारीची जागा आधी आखावी, तिच्या पाण्याची आणि सावलीची सोय दाखवावी. मोटारींचे नंतर पाहू.