‘शिक्षा’ आणि ‘बक्षीस’ : एक परिभाषाविचार

नागपूरच्या कळमना भागात मराठी व हिंदी शेजारी नांदतात. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. मूळ संस्कृत धातू मात्र एकच : ‘शिक्ष्’, शिकणे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली. छडीचा मार्ग खुंटल्यावर शिक्षकांच्या प्रशिक्षणात बक्षिसाची योजना पुढे यावी, हे स्वाभाविकच होय. परंतु फारसीतून आलेला ‘बक्षीस’ हा शब्द देणाऱ्याच्या मर्जीचा निदर्शक आहे. मर्जीने दिलेले मर्जीने नाकारताही येते. यास्तव कोणत्या वर्तनाचा कोणता गौरव होईल, हे मुलांस आधीच त्यांच्या भाषेत सांगावयास शिक्षकांस शिकविले पाहिजे. तसे न झाल्यास छडी जाऊनही धाक कायम राहील.