शिबिर शिक्षकाचे, फरक विद्यार्थ्यात?

शिक्षकांचे शिबिर संपत आले, की शेवटच्या दिवशी एक छापील कागद हाती येतो. 'शिबिर कसे वाटले?' या प्रश्नापुढे चार चौकटी असतात. गाडीची वेळ झालेली असते, पिशव्या भरलेल्या असतात. आपण 'उत्तम' या चौकटीत खूण करतो, प्रमाणपत्र घेतो आणि निघतो. प्रस्तुत लेखकाने अशा खुणा अनेकदा केल्या आहेत. त्या खोट्या नव्हत्या. व्याख्याने खरोखरच चांगली होती. पण एक प्रश्न त्या कागदावर कधीच नसे: या शिबिरामुळे तुमच्या वर्गातील मुलाला काय मिळाले?

हाच प्रश्न घेऊन एक पुस्तक लिहिले गेले आहे. 'फॅकल्टी डेव्हलपमेंट अँड स्टुडंट लर्निंग' हे त्याचे नाव. विल्यम काँडन, एलन आयव्हरसन, कॅथरिन मंडूका, कॅरल रट्झ आणि गुड्रुन विलेट या पाच जणांनी ते मिळून लिहिले असून इंडियाना युनिव्हर्सिटी प्रेसने 2016 मध्ये प्रसिद्ध केले. अमेरिकेतील दोन संस्थांत अनेक वर्षे चाललेल्या अभ्यासाचा हा वृत्तान्त आहे. पैकी वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटी हे मोठे सरकारी विद्यापीठ, तर मिनेसोटा राज्यातील नॉर्थफील्ड गावचे कार्लटन कॉलेज ही सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांची लहान संस्था.

कार्लटन हे 'लिबरल आर्ट्‌स' पद्धतीचे महाविद्यालय आहे. नावात 'आर्ट्‌स' असले तरी तेथे भौतिकशास्त्र, भूशास्त्र, गणित हे सारे शिकवले जाते. चार वर्षांच्या पदवीत विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही साहित्य, इतिहास यांसारखे विषय घ्यावे लागतात आणि साहित्याच्या विद्यार्थ्याची विज्ञानापासून सुटका नसते. अशा ठिकाणी शिक्षकांचे कार्यक्रमही विषयांच्या भिंती ओलांडून होतात. दुपारच्या जेवणासाठी एकत्र जमायचे आणि जेवता जेवता अध्यापनातील एखाद्या अडचणीवर बोलायचे, ही तेथील रीत आहे.

पण या पुस्तकातील सर्वांत मोलाची गोष्ट जेवणाची नव्हे, निबंधांची आहे. कार्लटनमध्ये प्रत्येक विद्यार्थी दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस निरनिराळ्या विषयांत केलेल्या आपल्या लेखनाचा एक संच सादर करतो. निरनिराळ्या विभागांतील शिक्षक एकत्र बसून ते संच वाचतात व ठरलेल्या निकषांवर तपासतात. रसायनशास्त्राचा शिक्षक इतिहासाचा निबंध वाचतो, इतिहासाचा शिक्षक प्रयोगाचा अहवाल वाचतो. मुले आपल्या युक्तिवादात आकड्यांचा पुरावा वापरतात की नाही, हेही याच लेखनातून पाहिले गेले. म्हणजे विद्यार्थ्याची परीक्षा आणि शिक्षकाचे प्रशिक्षण एकाच टेबलावर होते.

पुस्तकाच्या लेखकांनी तीन कड्यांची साखळी तपासली. शिक्षक कार्यक्रमात काही शिकला का? शिकला असल्यास त्याचे अध्यापन बदलले का? आणि बदलले असल्यास विद्यार्थ्यांचे काम सुधारले का? त्यासाठी त्यांनी मुलाखती घेतल्या, शिक्षकांनी दिलेले स्वाध्याय पाहिले आणि विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष लेखन तपासले. त्यांचा निष्कर्ष आशादायक आहे: कार्यक्रमांतील सहभागाचा अध्यापनावर, विद्यार्थ्यांच्या शिकण्यावर आणि संस्थेच्या एकूण शैक्षणिक वातावरणावर चांगला परिणाम होतो.

शिक्षकाच्या मतावर न थांबता विद्यार्थ्याच्या कागदापर्यंत जाणे किती आवश्यक आहे, हे दुसऱ्या एका अभ्यासावरून कळते. डायेन एबर्ट-मे आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये 'बायोसायन्स' या नियतकालिकात, कार्यशाळा केलेल्या जीवशास्त्राच्या प्राध्यापकांची पाहणी प्रसिद्ध केली. 'आम्ही आता विद्यार्थ्यांना कृतीतून शिकवतो,' असे 89 टक्के प्राध्यापकांनी सांगितले. त्यांच्या तासांची चित्रफीत पाहिली, तेव्हा मात्र 75 टक्के प्राध्यापक पूर्वीसारखेच व्याख्यान देत होते! ही माणसे खोटे बोलत नव्हती. आपण बदललो आहोत असे त्यांना मनापासून वाटत होते. 'उत्तम'वरची आपली खूणही याच जातीची असते.

मग या पुस्तकाचा निष्कर्ष जसाच्या तसा स्वीकारावा काय? विज्ञानाच्या शिक्षकाने येथे थोडे थांबले पाहिजे.

समजा, एका तालुक्यात कृषिमेळावा भरला. पुढच्या हंगामात मेळाव्याला गेलेल्या शेतकऱ्यांचे पीक न गेलेल्यांपेक्षा चांगले आले. हा मेळाव्याचा परिणाम म्हणता येईल का? लगेच नाही. मेळाव्याला मुळात धडपडे शेतकरीच जातात. त्यांचे पीक आधीही चांगलेच येत असेल. शिक्षकांच्या कार्यक्रमांचेही तसेच आहे. जो आपणहून येतो, तो बहुधा आधीपासून चांगला शिकवणारा असतो. चिठ्ठ्या टाकून काहींना पाठवावे आणि काहींना थांबवावे, तर ही शंका फिटेल. पण नांदत्या संस्थेत असा प्रयोग करणे अवघड.

दुसरी अडचण याच्या नेमकी उलट आहे. पाटाचे पाणी एका वाफ्याला दिले तरी शेजारच्या वाफ्यात झिरपते. लहान महाविद्यालयात कार्यक्रमाला न आलेला शिक्षकही चहाच्या वेळी सारे ऐकतो आणि स्वाध्याय बदलतो. मग आलेले व न आलेले यांच्यात फरकच दिसेनासा होतो. फरक नसणे हे कार्यक्रम फसल्याचे लक्षण असू शकते किंवा पूर्ण यशस्वी झाल्याचेही! संस्थेच्या वातावरणावर परिणाम होतो असे म्हटले, की हा पेच येणारच. हा दोष पुस्तकाच्या लेखकांचा नाही, तो या विषयातच आहे. म्हणून हे पुस्तक सिद्धता म्हणून नव्हे, तर चांगला पुरावा कसा गोळा करावा याचा नमुना म्हणून वाचावे.

तिसरी गोष्ट परिस्थितीची. निवडक विद्यार्थी, लहान वर्ग आणि भरपूर निधी हे कार्लटनचे भाग्य आपल्या वाट्याला नाही. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने 1987 पासून अकॅडमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. उद्बोधन वर्ग, उजळणी वर्ग झाले. 2015 मध्ये त्या संस्थांना मानव संसाधन विकास केंद्र हे नाव मिळाले, 2023 मध्ये मालवीय मिशनचे. नावे बदलली, पण प्रमाणपत्र बढतीला जोडलेले राहिले. त्यामुळे उपस्थिती काटेकोर मोजली जाते. विद्यार्थ्याच्या वहीपर्यंत मात्र कोणी जात नाही.

तरीही या पुस्तकातील एक गोष्ट पैशाशिवाय करता येते. 'ऋतू कशामुळे होतात?' या प्रश्नाच्या दहा उत्तरपत्रिका घ्या आणि विज्ञान, भूगोल व मराठीच्या शिक्षकांनी मिळून त्या वाचा. बहुतेकांनी 'पृथ्वीचा अक्ष कललेला असल्यामुळे' असे लिहिलेले असेल आणि पूर्ण गुण मिळवलेले असतील. आता त्याच मुलांना विचारा: 'पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या आरंभी असते. मग तेव्हा आपल्याकडे थंडी का?' जी मुले गोंधळतील, त्यांना अक्षाचे कलणे पाठ होते, समजले नव्हते. पहिला प्रश्न आपणच काढला होता. तो अज्ञान झाकणारा होता, हे दहा उत्तरपत्रिका वाचताना तीन शिक्षकांना एकदम उमगते. तीन आठवड्यांच्या व्याख्यानांतून ते उमगेलच असे नाही.

पुस्तक महाविद्यालयीन शिक्षकांसाठी आहे आणि काही प्रकरणांत संशोधनाच्या परिभाषेमुळे वाचन जड होते. शाळेतील शिक्षकाने ती ओलांडून पुढे जाण्यास हरकत नाही. मात्र शिबिरे आखणाऱ्यांनी ते अवश्य वाचावे. आणि पुढच्या शिबिराच्या शेवटी तो छापील कागद आला, तर आपण एवढेच लिहावे: 'सहा महिन्यांनी माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्या पाहायला या, मग सांगतो.'