साठ टक्के कुणाचे? एक गाजलेला शोधनिबंध नळदुर्गातून वाचताना

पेटची तयारी करणाऱ्या मुलांचा आमचा एक छोटा अभ्यासगट आहे. मागच्या बैठकीत एकाने छान स्लाइड केली होती : "डीएनएमुळे साठ टक्के जुने खून आता उलगडू शकतात." खाली संदर्भ होता सायन्स, २०१८. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पण डोलावली, कारण आकडा ओळखीचा होता. घरी येऊन निबंध पुन्हा उघडला, तर हे वाक्य त्यात कुठेच नाही. म्हणून आजची पोस्ट.

निबंध यानिव एर्लिख आणि सहकाऱ्यांचा. पार्श्वभूमी कॅलिफोर्नियातली. १९७० आणि ८० च्या दशकांत तिथे एका माणसाने तेरा खून आणि कितीतरी बलात्कार केले. पोलिसांकडे त्याचा डीएनए होता, पण गुन्हेगारांच्या सरकारी डेटाबेसमध्ये तो कुणाशीच जुळत नव्हता. शेवटी त्यांनी वंशावळीच्या हौशी लोकांच्या संकेतस्थळांवर त्याचे दूरचे नातेवाईक शोधले, तिथून घराण्यांच्या वंशावळी रचल्या आणि एप्रिल २०१८ मध्ये जोसेफ डीअँजेलो या माजी पोलिसाला पकडलं. २०२० मध्ये त्याने गुन्हे कबूल केले.

एर्लिखनी प्रश्न विचारला : हा योगायोग होता, की कुणालाही असं शोधता येईल? त्यांनी मायहेरिटेज कंपनीकडच्या १२ लाख ८० हजार लोकांच्या माहितीवर हे तपासलं. उत्तर असं, की युरोपीय वंशाच्या व्यक्तीसाठी शोध घेतला तर सुमारे ६० टक्के वेळा तिसऱ्या पिढीचं चुलत नातं किंवा त्याहून जवळचं नातं सापडतं. म्हणजे ज्यांचे खापरपणजोबा एक आहेत असं कुणीतरी. पुढे त्यांनी गणिती प्रारूप मांडून सांगितलं, की संबंधित लोकसंख्येच्या फक्त २ टक्के लोक डेटाबेसमध्ये आले तरी जवळजवळ प्रत्येकाचा असा नातेवाईक मिळेल.

निबंध चांगला आहे, हे आधी सांगतो. प्रश्न नेमका आहे, खऱ्या माहितीवर तपासलेला आहे. धोका सांगून ते थांबत नाहीत, कंपन्यांनी फाइलवर डिजिटल सही करावी असा उपायही सुचवतात. एर्लिख स्वतः तेव्हा त्याच कंपनीत होते, हे वाचताना ध्यानात ठेवायचं. पण त्यामुळे आकडा खोटा ठरत नाही.

माझी तक्रार आकडा उचलणाऱ्यांशी आहे. साठ टक्के म्हणजे नातेवाईक सापडण्याचं प्रमाण. खून उलगडण्याचं नव्हे. आणि "युरोपीय वंशाच्या" हे दोन शब्द आमच्या स्लाइडवरून गळाले होते. ते परत लावा आणि मग नळदुर्गात या.

आमच्याकडे कितीतरी समाजांत मामाच्या मुलीशी लग्न होतं. आतेभाऊ-मामेबहीण ही जोडी घरोघरी सापडते. आता गणित बघा. सख्ख्या चुलत भावंडांत सरासरी १/८ डीएनए सामाईक असतो. पणजोबा एक असतील तर १/३२, खापरपणजोबा एक असतील तर १/१२८. पण तुमचं-माझं खापरपणजोबांचं नातं एका वाटेने नसून चार वेगवेगळ्या वाटांनी असेल तर? चार गुणिले १/१२८, म्हणजे १/३२. यंत्र सांगेल, "पणजोबा एक आहेत." आणि तपास करणारा एक पिढी अलीकडेच खणत बसेल.

अशा प्रारूपात जोड्या ढोबळमानाने यादृच्छिक जुळतात असं धरलेलं असतं. आपल्या सोयरिकी यादृच्छिक नसतात. त्यामुळे आमच्याकडे उलटंच होईल असं मला वाटतं : नातेवाईक भराभर सापडतील, पण त्यातला नेमका माणूस ओळखणं अवघड होईल. हा माझा तर्क आहे, निष्कर्ष नाही. कुणाला विषय हवा असेल तर इथे एक प्रबंध पडलेला आहे.

दुसरी अडचण कागदांची. नातेवाईक सापडल्यावर वंशावळ रचायला अमेरिकेत जनगणनेचे जुने कागद, चर्चच्या नोंदी मिळतात. आपल्याकडे २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने मराठवाड्यात निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा पणजोबाचं नाव कागदावर दाखवताना किती घरांची दमछाक झाली ते आपण पाहिलंय. उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली. हेळव्यांच्या वह्या आहेत, तीर्थक्षेत्रांतल्या उपाध्यायांच्या पोथ्या आहेत, पण त्यात मुख्यतः पुरुषांची ओळ. आजीचं माहेर त्यात क्वचितच. आणि डीएनए तर आजीकडूनही येतो.

तिसरं, २ टक्के कुणाचे? २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या साधारण १६ लाख ५८ हजार. दोन टक्के म्हणजे ३३ हजार. झालं काम? नाही. नळदुर्गची सोयरीक अक्कलकोटला, उमरग्याला, पलीकडे कर्नाटकात आळंदला, हैदराबादला. लोकसंख्या जिल्ह्याची धरायची, जातीची, की भाषेची? हे ठरवल्याशिवाय "दोन टक्के" या शब्दांना अर्थच नाही.

हे सगळं किस काढणं वाटेल. पण चुकीच्या नात्याची किंमत माणसं मोजतात. त्याच कॅलिफोर्नियाच्या तपासात २०१७ मध्ये, आधीच्या एका वंशावळ-शोधावरून, ऑरेगनमधल्या शुश्रूषागृहात राहणाऱ्या एका ७३ वर्षांच्या आजारी माणसाचा डीएनए न्यायालयाचा आदेश आणून घेतला होता. तो निर्दोष निघाला. आपल्याकडे मामा-भाचे-मेहुणे असे एकात एक गुंतलेले असताना किती दारांवर पोलिसांची थाप पडेल, याचा विचार करा. पंचनाम्याआधी गावच निकाल लावून मोकळं होतं.

आता आपल्याच राज्यातलं प्रकरण घ्या. मे २०१२ मध्ये रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यातल्या जंगलात एक जळालेला मृतदेह मिळाला आणि तीन वर्षं बेवारस राहिला. २०१५ मध्ये अवशेष उकरले गेले, आणि ते शीना बोराचे आहेत असं डीएनए तपासणीच्या आधारे तपास यंत्रणेने सांगितलं. इथे लाखोंचा डेटाबेस लागला नाही. प्रश्न साधा होता : ही हाडं या बाईच्या मुलीची आहेत का? मुलीच्या प्रत्येक जनुकीय खुणेचा एक भाग आईकडून आलेला असतो, तो ताडून बघायचा. बचाव पक्षाने या ओळखीला आव्हान दिलं आहे, आरोपींनी आरोप नाकारले आहेत. आणि २०२४ मध्ये, खटला चालू असतानाच, सरकारी पक्षाने न्यायालयाला सांगितलं की हाडं सापडत नाहीत. नंतर ती सीबीआयच्या दिल्लीतल्या कार्यालयात सापडल्याचं सांगितलं गेलं.

डीअँजेलो सापडला त्यामागे व्हेंचुरा काउंटीतल्या १९८० च्या खुनाच्या वेळी घेतलेला आणि फ्रीझरमध्ये नीट जपलेला नमुना होता. सदतीस-अडतीस वर्षं. निबंधात हा फ्रीझर कुठे नाही, कारण त्यांचा प्रश्न वेगळा होता. पण आपण तो आकडा इकडे आणताना फ्रीझर तिकडेच विसरतो. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर मिळालेल्या एखाद्या अनोळखी मृतदेहाची ओळख वीस वर्षांनी पटायची असेल, तर आज त्याचा नमुना कोण घेतो, कुठे ठेवतो, त्यावर कुणाची सही असते, हा पहिला प्रश्न. डेटाबेसचा त्यानंतर.

तर मित्रांनो, कुठलाही आकडा स्लाइडवर घ्यायच्या आधी वहीत तीन ओळी लिहा : हे प्रमाण नेमकं कशाचं? कुठल्या लोकांत मोजलं? आणि तिथे आधीपासून काय होतं, जे आपल्याकडे नाही? मी पुढच्या बैठकीत ती स्लाइड दुरुस्त करून मांडणार आहे. मान डोलावणाऱ्यांत मी पण होतो, म्हणून ते काम माझ्याकडेच आलंय.