क्रिप्टो एजी : शक्कल की सौदा?

'क्रिप्टो एजी' या स्विस कंपनीचं बिंग 2020च्या फेब्रुवारीत 'वॉशिंग्टन पोस्ट' आणि जर्मनीच्या 'झेडडीएफ' वाहिनीने फोडलं. तेव्हापासून ही गोष्ट बहुतेकदा हेरकथेसारखी सांगितली जाते : काय शक्कल लढवली! आपला आक्षेप आहे तो या कौतुकाच्या सुराला.

आधी वस्तुस्थिती बघू. ही कंपनी सरकारांना गुप्त संदेशांची यंत्रं विकायची. 1970 मध्ये अमेरिकेची सीआयए आणि पश्चिम जर्मनीची बीएनडी या गुप्तचर संस्थांनी ती गुपचूप विकत घेतली. मग बऱ्याच यंत्रांची रचनाच अशी ठेवली, की त्यांतले संदेश या संस्थांना सहज उलगडावेत. गिऱ्हाइकं शंभराहून अधिक देश. त्यांत इराण होता. भारत आणि पाकिस्तान दोघंही होते. आपलं कुलूप ज्याच्याकडून घेतलं, त्याच्याच खिशात दुसरी किल्ली!

हेरकथेत दोनच पात्रं उरतात : हुशार हेर आणि फसलेला शत्रू. मग हान्स ब्यूलरला कुठे बसवायचं? हा कंपनीचा विक्रेता. 1992 मध्ये इराणने त्याला पकडलं, नऊ महिने डांबून ठेवलं. त्याला आतलं काहीच ठाऊक नव्हतं. तो कबूल तरी काय करणार? दहा लाख डॉलर मोजल्यावर तो सुटला आणि घरी परतल्यावर थोड्याच दिवसांत कंपनीने त्याला नोकरीवरून काढलं.

इथे सौद्याचं खरं स्वरूप कळतं. यंत्रं बिघडवणारे तज्ज्ञ या संस्थांकडे होतेच. त्यांना हवी होती ती स्वित्झर्लंडची तटस्थ प्रतिमा, खासगी कंपनीची पाटी आणि ब्यूलरसारख्याचा प्रामाणिक चेहरा. त्याचं अज्ञान हाच त्या मालाचा भाग होता.

कुणी म्हणेल, शीतयुद्ध होतं, इलाज नव्हता. पण शीतयुद्ध 1991 मध्ये संपलं. बीएनडी 1993च्या सुमारास बाहेर पडली. सीआयए मात्र 2018 पर्यंत राहिली. स्विस गुप्तचर खात्याला 1993 पासून कल्पना होती, असं तिथल्या संसदीय समितीने 2020च्या नोव्हेंबरात सांगितलं. युद्ध संपलं, दुकान चालूच. कारण ते बंद करायला सांगणार कोण? ज्यांना सांगता आलं असतं, त्यांना माहीतच नव्हतं.

म्हणून अशा भागीदारीला जोखताना तिने किती गुपितं मिळवली, एवढंच विचारून भागत नाही. तिला 'नाही' म्हणायची सोय कुणाला होती, हेही विचारलं पाहिजे. इथे ती ब्यूलरला नव्हती, गिऱ्हाइकांना नव्हती आणि मतदारांनाही नव्हती.