निघून जाणाऱ्याची अब्रू

माणसे निष्ठुरपणे काढली की कंपनीचे नाव खराब होते, गिऱ्हाईक दुरावते, चांगली माणसे पुन्हा तिच्याकडे येत नाहीत. म्हणून स्वतःच्या हितासाठी तरी तिने नीट वागावे. कामगार कपातीवरच्या लेखनात हा युक्तिवाद हटकून भेटतो. पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव या पट्ट्यात तीस वर्षे वावरल्यावर मला तो लंगडा वाटतो. कंपनी उद्याही इथेच असणार, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

बजाज ऑटोने सप्टेंबर २००७ मध्ये आकुर्डीतले उत्पादन थांबवले. कंपनी मात्र गेली नाही. जून २०२२ मध्ये त्याच आकुर्डीत इलेक्ट्रिक चेतकचा कारखाना सुरू झाला. तेव्हाचा निर्णय योग्य होता असे मी म्हणत नाही. पण त्याविषयी बोलणारी माणसे तिच्या दारातच राहतात.

तळेगावच्या जनरल मोटर्सचे तसे नव्हते. २०१७ अखेर तिने भारतात शेव्हरोले गाड्या विकणे बंद केले. तळेगावात बनत ते निर्यातीसाठी. डिसेंबर २०२० मध्ये तेही थांबले. एप्रिल २०२१ मध्ये १,४१९ कामगारांना ले-ऑफ मिळाला. बोलताना आपण ले-ऑफ म्हणजे नोकरी गेली असे समजतो. तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात त्याचा अर्थ वेगळा: नोकरी आहे, तूर्त काम नाही, भरपाई मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी. उत्पादन कायमचे थांबवलेल्या कारखान्यात हे ‘तूर्त’ कुठून आले?

आणि अब्रू जायची ती कुणापुढे? इथे गिऱ्हाईक उरले नव्हते, नवी भरती व्हायची नव्हती. ग्रेट वॉल मोटर्सशी जानेवारी २०२० मध्ये ठरलेला विक्रीचा व्यवहार सरकारी मंजुऱ्यांअभावी २०२२ मध्ये बारगळला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने करार केला, तो जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्रीचा. नव्या मालकाकडे आम्हालाही घ्या, ही कामगारांची मागणी होती. यंत्रे यादीत होती, माणसे नव्हती.

अशा वेळी कंपनीच्या लाजेवर विसंबणे भाबडेपणाचे आहे. एमआयडीसीचा भूखंड दुसऱ्याच्या नावे करायला महामंडळाची संमती लागते. जाणाऱ्याला अडवून धरता येईल अशी ती शेवटची जागा. कामगारांची देणी आणि त्यांचे पुढचे काम यांचा हिशेब त्याच टेबलावर मागायला हवा, सही होण्याआधी.