हरणाच्या गळ्यातला दोर

मागच्या वेळी आपण मोचे लोकांनी घडवलेली माणसांच्या चेहऱ्यांची भांडी पाहिली. आज प्राणी. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर, साधारण इ.स. 100 ते 800 या काळात, बेडूक, घुबड, बदक, समुद्रसिंह असे कितीतरी प्राणी मातीत उतरले. कुंभाराचं चाक नव्हतं. दोन साच्यांत माती दाबायची, दोन्ही अर्धी जोडायची, वरून लाल आणि दुधी मातीचा लेप. काम इतकं हुबेहूब की आपण लगेच म्हणतो, काय निरीक्षण आहे, काय निसर्गप्रेम! आम्हीही कधीकाळी असंच म्हटलं होतं. आज ते मागे घेतो.

हे हरीण बघा. मांडी घालून बसलंय. हरीण मांडी घालून बसतं का हो? अंगावर वस्त्र नाही, गळ्यात दोर. मोचे कलेत असं कोण बसतं? लढाईत हरलेला कैदी, ज्याचा पुढे बळी जायचा. आणि ही नुसती कल्पना नाही, हुआका दे ला लुना इथे बळी दिलेल्या पुरुषांचे सांगाडे उत्खननात मिळालेत. शिवाय भांड्यांवर भरजरी वेशातले मोठे लोक हरणांची शिकार करताना रंगवलेले आहेत. म्हणजे शिकार आणि लढाई त्यांच्या मनात शेजारीशेजारी होत्या. याला निसर्गप्रेम म्हणणं म्हणजे त्या दोराकडे डोळेझाक करणं. हरणाला हरणांच्या कप्प्यात ठेवलं, की शेजारचा कैदी माणूस दिसेनासा होतो.

दुसरी गफलत तोटीची. रिकिबीसारखी कमानदार तोटी आपण फोटोत सरळ कापून टाकतो, कारण प्राणी 'सुंदर' दिसायला हवा. पण हे शिल्प नाही, भांडं आहे. राफाएल लार्को ओइले यांनी 1948 साली मोचे भांड्यांचे पाच टप्पे लावले, ते मुख्यतः तोटीच्याच घडणीवरून. आपण कापतो तोच भाग त्यांनी आधी पाहिला.

आता खरी तक्रार. अशी कितीतरी भांडी थडगी लुटून बाजारात आली. 1987 मध्ये सिपानलाही चोर आधी पोचले, वॉल्टर आल्व्हा नंतर. आल्व्हांना पुढे न लुटलेली थडगी मिळाली म्हणून निदान तिथे कोणाच्या उशापायथ्याशी काय होतं ते कळलं. लुटीतून आलेल्या हरणाबद्दल तेवढंही कळत नाही. ते कोणाबरोबर पुरलं होतं, सरदाराबरोबर की आणखी कोणाबरोबर, हे उकरणाऱ्याने पाहिलं असेल. त्याने विकताना फक्त हरीण विकलं.